केसांच्या गोळ्या आणि सोलापूरचे ताट

दसऱ्यापासून दिवाळीपर्यंतच्या दिवसांत माझ्या औषधांच्या दुकानात केसांच्या गोळ्यांची मागणी एकदम वाढते. कंगव्यात पुंजके येऊ लागलेले असतात, न्हाणीच्या जाळीत केस अडकलेले असतात आणि घाबरलेली मंडळी नवे तेल, नवा शाम्पू किंवा जाहिरातीत पाहिलेली बायोटिन या जीवनसत्त्वाची चघळायची गमी मागतात. मी त्यांना आधी एवढेच विचारतो, की श्रावण-भाद्रपदात मोठा ताप येऊन गेला होता का. बरेच जण क्षणभर आठवून ‘होय की, डेंग्यू झाला होता’ असे सांगतात, पण त्या तापाचा आजच्या केसगळतीशी काही संबंध असेल असे त्यांच्या मनातही आलेले नसते.

संबंध असतो, आणि तो केस वाढण्याच्या रीतीत आहे. डोक्यावरचे सुमारे एक लाख केस सगळे एकाच वेळी वाढत नसतात. त्यांतले 85 ते 90 टक्के वाढीच्या अवस्थेत असतात आणि ही अवस्था दोन ते सहा वर्षे चालते. उरलेले बहुतेक विश्रांतीत असतात आणि साधारण तीन महिन्यांनी गळून पडतात. त्यामुळे दिवसाला 50 ते 100 केस जाणे हा रोजचाच हिशेब आहे. मोठा ताप, शस्त्रक्रिया, बाळंतपण किंवा एकाएकी केलेली उपासमार यांचा धक्का बसला, की वाढीला लागलेले पुष्कळ केस एकदमच विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदमच गळतात. यात केसांची मुळे मेलेली नसतात, त्यामुळे पुढच्या सहाएक महिन्यांत बहुतेकांचे केस पूर्ववत येतात. गोळ्या घेणाऱ्यांचेही येतात आणि न घेणाऱ्यांचेही येतात; श्रेय मात्र गोळीला मिळते, आणि माझ्या धंद्याचा त्यात फायदा होतो हे मी नाकारत नाही.

उपासमारीचा उल्लेख मी मुद्दाम केला. लग्न ठरलेल्या मुली ‘बारीक व्हायचंय’ म्हणून दोन-अडीच महिने भाकरी सोडतात, डाळ सोडतात, काकडी आणि ताकावर दिवस काढतात, आणि मग ऐन हळदीच्या आठवड्यात किंवा सासरी गेल्यावर केस गळायला लागतात. तिथल्या पाण्याला आणि हवेला दोष दिला जातो. शरीर मात्र तंगीच्या महिन्यातल्या घरासारखे वागते: आधी हृदय, मेंदू, रक्त यांचा खर्च भागवते आणि केस-नखांचा खर्च पुढे ढकलते, कारण त्यांच्यावाचून जीव जात नाही. म्हणून खाण्यातली कमतरता केसांत आणि नखांत लवकर दिसते, आणि ती भरून काढल्याचा परिणाम मात्र उशिरा दिसतो.

माझे मत सरळ आहे. केसांना आणि नखांना जे लागते त्यातले बहुतेक सगळे सोलापूर जिल्ह्याच्या नेहमीच्या ताटात आहे. त्यातला कोणता पदार्थ कशाबरोबर खाल्ला जातो आणि घरात तो कुणाच्या वाट्याला येतो, इथे खरी अडचण आहे.

केस आणि नखे दोन्ही केराटिन नावाच्या प्रथिनाची बनलेली असतात, त्यामुळे पहिला प्रश्न प्रथिनांचा येतो. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या 2020 च्या शिफारशींनुसार निरोगी प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 0.83 ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे 55 किलो वजनाच्या स्त्रीला साधारण 46 ग्रॅम. आता आपले ताट मोजून पाहू. ज्वारीच्या 100 ग्रॅम पिठात सुमारे 10 ग्रॅम प्रथिने असतात. दिवसभरात चार भाकऱ्या, म्हणजे अंदाजे पाव किलो पीठ धरले, तर 25 ग्रॅम प्रथिने तिथेच मिळतात. मूठभर तूरडाळीतून, म्हणजे 50 ग्रॅममधून, 11 ग्रॅमच्या आसपास, 30 ग्रॅम शेंगदाण्यांतून सात आणि एक पेलाभर दुधातून सहा मिळाली, की बेरीज 49 वर जाते. कागदावर तरी सोलापूरकर काठावर पास होतो.

कागदावर म्हणण्याचे कारण असे, की नुसते प्रथिनांचे वजन पाहून भागत नाही, त्यांची घडणही पाहावी लागते. प्रथिने ज्या अमिनो आम्लांची बनतात, त्यांतले लायसिन ज्वारीत कमी असते. मंगळवेढ्याची ज्वारी 2016 साली भौगोलिक मानांकन मिळवून नावाजली गेली आणि तिच्या चवीबद्दल मी कुणाशीही भांडायला तयार आहे, पण लायसिनची उणीव तिच्यातही आहेच. शेंगदाण्यातही लायसिन कमीच असते. त्यामुळे कडक भाकरी आणि शेंगाचटणी हे आपले लाडके जेवण कितीही पोटभर झाले तरी एकाच बाजूला उणे राहते, कारण दोन्ही पदार्थांत नेमकी तीच उणीव आहे. ती भरून काढतात डाळी, कडधान्ये, दूध-दही, अंडी, मासे आणि मटण. म्हणूनच भाकरी-चटणीबरोबर घट्ट वरण, मटकीची उसळ, हुलग्याचे शेंगोळे किंवा निदान वाटीभर दही असलेच पाहिजे, असे मी आग्रहाने सांगतो. करमाळ्याकडची बाजार आमटी या दृष्टीने मला फार शहाणी वाटते, कारण तिच्यात तीन-चार डाळी एकत्र शिजतात आणि तिच्यात भाकरी कुस्करून खाल्ली जाते. तिच्यावर तरंगणाऱ्या तर्रीबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे, पण तो विषय पोटाचा आहे, केसांचा नाही. धपाट्यांत ज्वारीबरोबर बेसन पडते आणि वर दही येते, तेव्हा तेही उत्तम.

प्रथिनांचा हिशेब असा थोडक्यात जुळतो, पण लोहाचा हिशेब मांडायला बसलो की मला दर वेळी काळजी वाटते. पाळी चालू असलेल्या स्त्रीला दिवसाला 29 मिलिग्रॅम लोह मिळावे अशी त्याच 2020 ची शिफारस आहे. पुरुषाला 19 पुरते. वरचेच ताट पुन्हा घेतले, तर पाव किलो ज्वारीतून साधारण 10 मिलिग्रॅम, डाळीतून दोन आणि शेंगदाण्यांतून एक, अशी बेरीज 13 वर थांबते, म्हणजे निम्म्याच्याही खाली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला, यात आश्चर्य वाटण्यासारखे काही राहत नाही. लोह कमी पडले की केस पातळ होतात, नखे ठिसूळ होतात, आणि कमतरता जुनी झाली की नखे मधोमध खोलगट होऊन चमच्यासारखी दिसू लागतात, इतकी की त्यांवर पाण्याचा थेंब ठेवला तर तो टिकून राहतो. समोरून पैसे देणाऱ्या हाताची नखे अशी दिसली, की मी गोळ्यांचा डबा बाजूला ठेवून आधी हिमोग्लोबिन तपासून घ्यायला सांगतो.

ताटात लोह वाढवायचे तर काय करावे, याचे उत्तर इथल्या रिवाजांतच आहे. बाजरीत ज्वारीपेक्षा बरेच अधिक, 100 ग्रॅममागे सहा मिलिग्रॅमच्या वर लोह असते, म्हणून थंडीत एका वेळची भाकरी बाजरीची करावी. तीळ, अळीव, हुलगा, मटकी, राजगिऱ्याचा पाला आणि लक्ष्मी मार्केटात पहाटे येणाऱ्या पालेभाज्या आहेतच. मटण किंवा कलेजी खाणाऱ्यांना तर हे सोपे जाते, कारण मांसातले लोह वनस्पतींतल्या लोहापेक्षा कितीतरी सहज शोषले जाते. भाकरीचा लोखंडी तवा आपल्याकडे अजून टिकून आहे ही चांगली गोष्ट आहे. त्याच्या जोडीला लोखंडी कढई आणून तिच्यात चिंच किंवा टोमॅटो घातलेले कालवण केले, तर आंबटपणामुळे कढईतले थोडे लोह कालवणात उतरते. रंग काळपट येतो, त्याला नावे ठेवू नयेत.

पण नुसते लोह पोटात जाऊन भागत नाही. धान्ये आणि कडधान्ये यांतले फायटेट नावाचे द्रव्य लोहाला धरून ठेवते आणि आतड्यातून फार थोडे लोह रक्तात उतरू देते. भिजवणे, मोड आणणे आणि आंबवणे यांनी फायटेट कमी होते, आणि जेवणातच क जीवनसत्त्व असले तर लोहाचे शोषण ठळकपणे वाढते. मोडाच्या मटकीवर पिळलेले लिंबू, जेवणातला कच्चा टोमॅटो, जेवणानंतरची पेरूची फोड किंवा आवळा यांचे काम हेच. मार्गशीर्ष अमावास्येला अक्कलकोट आणि दक्षिण सोलापुरात वेळा अमावस्येच्या निमित्ताने शेतात जे जेवण मांडले जाते ते या कसोटीवर पाहावे: बाजरीचे उंडे, ओल्या तुरीपासून वाटाण्यापर्यंतचे दाणे आणि पालेभाज्या घालून केलेली आंबटसर भज्जी, आणि आंबवलेली अंबील. धान्य, कडधान्य, पाला, आंबट आणि आंबवलेले असे पाचही एकत्र येतात. हे वर्षातून एकदाच का करावे, हा माझा जुना प्रश्न आहे.

याच्या नेमके उलट काम चहा करतो. चहातली टॅनिनसारखी द्रव्ये वनस्पतींतल्या लोहाशी बांधली जातात, आणि जेवणाबरोबर घेतलेला चहा त्या जेवणातल्या लोहाचे शोषण निम्म्याहून खाली आणू शकतो. सोलापुरात सकाळी उठल्याबरोबर शिळी भाकरी चहात बुडवून खाण्याची पद्धत घरोघरी आहे. कारखान्यात जाणारे असोत किंवा विड्या वळायला बसणाऱ्या बाया असोत, दिवसाची पहिली भाकरी चहातच जाते आणि दुपारच्या जेवणावर पुन्हा एक कप होतो. ‘दादा, चहा सोडा म्हणाल तर डोकंच उठतंय बघा,’ असे एक मावशी मला म्हणाल्या. चहा सोडायला मी सांगतच नाही. जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर तो घेऊ नये आणि सकाळची भाकरी चहाऐवजी ताक किंवा आदल्या रात्रीच्या उसळीबरोबर खावी, एवढेच सांगतो. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या लोहाच्या गोळ्यांनाही हेच लागू आहे. त्या चहाबरोबर, दुधाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर एकत्र गिळल्या तर निम्मे पैसे वाया गेले असे समजावे. आपल्याकडे दोन्ही गोळ्या एकाच चिठ्ठीवर असल्या की त्या एकाच घोटात घेतल्या जातात, म्हणून लोहाची सकाळी आणि कॅल्शियमची रात्री, असे मी पाकिटावरच लिहून देतो.

डाळिंबाबद्दल बोलायचे तर मला जपून बोलावे लागते. सोलापूरच्या डाळिंबालाही भौगोलिक मानांकन आहे, 2005 पासून सोलापूरजवळच्या केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, आणि माझ्या निम्म्या नातेवाइकांच्या बागा आहेत. तरीही सांगतो, की डाळिंबाच्या 100 ग्रॅम दाण्यांत लोह जेमतेम 0.3 मिलिग्रॅम असते. रस लाल आहे म्हणून रक्त वाढते, ही समजूत बिटालाही चिकटलेली आहे आणि तिथेही ती फारशी खरी नाही. डाळिंब फळ म्हणून चांगले आहे, अवश्य खावे. पण रक्तक्षय झालेल्या मुलीला रोज महागडे डाळिंब सोलून देणाऱ्या आईने त्याच पैशांत तीळ, अळीव, मटकी आणि लिंबे आणली, तर मुलीच्या केसांना अधिक उपयोग होईल.

आणि मुलीच्याच काय, त्या आईच्याही. घरात सगळ्यांचे झाल्यावर जी बाई जेवायला बसते, तिच्या ताटात भाकरी आणि चटणी उरते. उसळ, अंडे, दह्याची साय आणि मटणाचे तुकडे आधीच संपलेले असतात. सगळ्यांत जास्त लोह जिला लागते तिलाच सगळ्यांत कमी मिळते, आणि महिनाअखेरीस तीच केसांच्या गोळ्यांसाठी पदराच्या गाठीतले पैसे सोडते. आधी वाढून घ्या असे मी म्हणतो तेव्हा बाया हसतात. पण एकत्र जेवायला बसणाऱ्या घरांतून केसांच्या तक्रारी कमी येतात, अशी माझी काउंटरमागून झालेली समजूत आहे. ती शास्त्र म्हणून कुणी घेऊ नये.

बाकीच्या घटकांबद्दल थोडक्यात सांगतो. जस्त कमी पडले तरी केस गळतात. ते कडधान्ये, तीळ, भोपळ्याच्या बिया, अंडी आणि मांसातून मिळते. बी-12 हे जीवनसत्त्व वनस्पतींत नसते, त्यामुळे माळकरी आणि इतर शाकाहारी घरांनी दूध-दही-ताक चुकवू नये, आणि हातापायांना मुंग्या येत असतील किंवा कमी वयात केस फार पांढरे होत असतील तर तपासणी करून घ्यावी. ऊन भाजून काढणाऱ्या या शहरातही ड जीवनसत्त्व कमी निघते, कारण आपण दिवसभर आडोशाला आणि अंग झाकून असतो. कॅल्शियमचा मात्र नखांच्या बळकटीशी लोक समजतात तसा संबंध नाही. नखात कॅल्शियम अगदी थोडे असते आणि त्याचा टणकपणा केराटिनमधल्या गंधकाच्या बंधांमुळे येतो. नखांवरचे पांढरे ठिपके बहुतेक वेळा नखाच्या मुळाशी लागलेल्या बारीक माराचे असतात. ते कॅल्शियमच्या कमतरतेचे म्हणून मुलांना गोळ्या चघळायला देऊ नयेत. नखांवर आडवी खोबण दिसली तर तिच्याकडे लक्ष द्यावे. हाताचे नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढते, त्यामुळे खोबण मुळापासून सहा मिलिमीटरवर असेल तर दोनएक महिन्यांपूर्वी शरीराला धक्का बसलेला असतो. पावसाळ्यातला ताप असा हातावरच नोंदलेला सापडतो.

आता बायोटिन. प्रौढ माणसाला ते दिवसाला सुमारे 30 मायक्रोग्रॅम पुरते, आणि शेंगदाणे, अंडी, डाळी, दूध यांतून ते सहज मिळते. बाजारातल्या नेहमीच्या गोळीत 10 मिलिग्रॅम, म्हणजे 10,000 मायक्रोग्रॅम बायोटिन असते. ज्याला त्याची कमतरताच नाही त्याचे केस त्याने दाट होतात याला भक्कम पुरावा नाही, आणि खरी कमतरता क्वचितच आढळते. ती ओढवून घेण्याचा एक मार्ग म्हणजे रोज पुष्कळ कच्ची अंडी पिणे, कारण कच्च्या पांढऱ्या बलकातले अ‍ॅव्हिडिन हे प्रथिन बायोटिनला धरून ठेवते. तालमीत जाणाऱ्या पोरांनी अंडी उकडून खावीत. शिजवल्याने ते अ‍ॅव्हिडिन निकामी होते आणि प्रथिनेही अधिक पचतात.

जास्त घेतल्याने नुकसान होत नाही, हा समजही काढून टाकावा. अ जीवनसत्त्व आणि सेलेनियम हे खनिज, दोन्ही प्रमाणाबाहेर गेले तर केस गळतात. 2024 च्या अखेरीपासून बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात गावेच्या गावे घाबरून गेली होती. लोकांना अवघ्या काही दिवसांत टक्कल पडत होते, आणि नंतर काहींची नखेही ठिसूळ होऊन गळून पडली. तपासणीत त्यांच्या शरीरात सेलेनियम फार वाढलेले आढळले, आणि महाडचे संशोधक डॉक्टर हिम्मतराव बावस्कर यांनी त्याचा संबंध रेशनच्या गव्हाशी जोडला. केसांच्या कित्येक गोळ्यांत हेच सेलेनियम ‘केसांसाठी आवश्यक’ म्हणून घातलेले असते. एक गोळी घेतल्याने काही बिघडत नाही; पण गोळी, गमी आणि प्रोटीन पावडर अशी तिन्ही एकदम घेणाऱ्यांनी तिन्ही वेष्टनांवरचे आकडे एकदा बेरीज करून पाहावेत.

ताट सुधारून जे होणार नाही तेही सांगायला हवे. वडिलांसारखे कपाळावरून मागे सरत जाणारे टक्कल कोणत्याही भाजीने थांबत नाही. त्याला त्वचारोगतज्ज्ञांकडे वेगळे उपचार आहेत आणि ते लवकर सुरू केले तरच त्यांचा उपयोग होतो. बोअरच्या जड पाण्याला साबणाचा फेस येत नाही आणि केस राठ होतात हे खरे, पण ओंजळ भरून केस मुळापासून जात असतील तर कारण पाण्याबाहेर शोधावे. दिवसभर भांडी-धुण्यात हात ओले होऊन सुकत राहिल्याने नखांचे पापुद्रे निघतात. त्यावर हातमोजे आणि रात्री थोडे खोबरेल तेल हाच उपाय आहे.

खाणे नीट करून तीन-चार महिने झाले तरी फरक नसेल, भुवयांचे केस विरळ होत असतील, पाळी अनियमित असेल किंवा डोक्यावर गोल चट्टे पडत असतील, तर दुकानदाराला विचारत बसू नये. डॉक्टर बहुधा हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-12 आणि ड जीवनसत्त्व यांच्या बरोबरीने फेरिटिनही तपासायला सांगतील, कारण हिमोग्लोबिन ठीक दिसत असतानाही शरीरातला लोहाचा साठा रिकामा झालेला असू शकतो आणि तो फेरिटिनमध्ये दिसतो. या तपासण्यांना जाताना बायोटिन चालू असेल तर ते आवर्जून सांगावे. जास्त मात्रेच्या बायोटिनमुळे थायरॉइडचे अहवाल आणि हृदयविकाराच्या झटक्यात पाहिली जाणारी ट्रोपोनिनची पातळीही चुकीची येऊ शकते, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2017 मध्ये दिला होता. म्हणून साध्या तपासणीसाठी रक्त देण्याआधी ती गोळी किती दिवस बंद ठेवायची हे डॉक्टरांना विचारून घ्यावे.